पाड्यावरची तपासणी पिशवी: आधी थेंब, मग यंत्र

प्रश्न: आमची छोटी संस्था नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत काम करते. १२ पाडे, मिळून सुमारे ३,००० लोकवस्ती. एक नर्स, दोन कार्यकर्ते आणि एक मोटारसायकल एवढ्या बळावर दर महिन्याला प्रत्येक पाड्यावर तपासणी करायची आहे: हिमोग्लोबिन, सिकलसेल, मलेरिया, शुगर, बीपी, ऑक्सिजन. यंत्रांसाठी ६० हजार रुपये मिळाले आहेत. कोणती यंत्रे घ्यावीत? सगळ्या तपासण्या एकाच पेटीत करणारे यंत्र घ्यावे का?

उत्तर: हे ६० हजार फक्त यंत्रांसाठी मिळाले असतील, तर खरेदीआधी देणगीदाराशी पुन्हा बोला. यंत्र एकदाच घ्यावे लागते, स्ट्रिप आणि क्युव्हेट (रक्ताचा थेंब भरून यंत्रात घालायची छोटी चिपटी) मात्र दर महिन्याला लागतात. समजा, हिमोग्लोबिनची एक क्युव्हेट ४० रुपयांना पडते आणि वर्षात १,२०० तपासण्या होणार आहेत. म्हणजे ४८ हजार रुपये नुसत्या क्युव्हेटचे झाले. शिवाय १०० तपासण्यांमागे ११० ते ११५ क्युव्हेट लागतात, कारण काहींमध्ये हवेचा बुडबुडा येतो, काही अर्धवट भरतात, काही हातातून पडतात. हा हिशेब न केल्यामुळे सहाव्या महिन्यात चालू यंत्रे कपाटात जाऊन बसतात. विक्रेत्याला यंत्राचा भाव विचारण्याआधी एका तपासणीचा भाव विचारा. त्या स्ट्रिप दुसऱ्या कोणाकडे मिळतात का, तेही विचारा.

एकाच पेटीतले यंत्र तुमच्या कामासाठी घेऊ नका. त्यातला एक भाग बिघडला की सगळी पेटी दुरुस्तीला शहरात जाते, आणि स्ट्रिपसाठी त्याच कंपनीवर अवलंबून राहावे लागते. सुटी यंत्रे घ्या.

यादी करताना प्रत्येक तपासणीपुढे एक ओळ लिहा: अमुक आकडा आला तर त्याच दिवशी कोण काय करणार. ज्या तपासणीपुढे ही ओळ लिहिता येत नाही, ती पिशवीत नको. वीस वर्षांच्या धडधाकट मुलांची सरसकट शुगर याच चाळणीत गळते. शुगर आणि बीपी तीस वर्षांपुढच्यांची आणि गरोदर बायांची करा. हिमोग्लोबिन गरोदर आणि स्तनदा माता, किशोरी आणि ६ महिने ते ५ वर्षांची मुले यांचे करा. मलेरिया फक्त ताप असलेल्यांचा.

थेंब

यंत्र कितीही चांगले असले तरी बोट टोचताना झालेली चूक त्याला दुरुस्त करता येत नाही. शुगरच्या यंत्रासोबत येणारी बारीक सुई हिमोग्लोबिनसाठी पुरत नाही. ऊस तोडणाऱ्या, लाकूड फोडणाऱ्या माणसाच्या घट्ट कातडीतून तिने पुरेसे रक्त येत नाही. मग टोचणारा बोट पिळतो. पिळले की रक्तासोबत पेशींमधले पाणी येते, थेंब पातळ होतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसते. यासाठी सुमारे २ मिलिमीटर खोल जाणारी, एकदा वापरून टाकायची, आपोआप आत सरकणारी लॅन्सेट (बोट टोचायची सुई) घ्या.

बोट मधले किंवा अनामिका, आणि टोचायचे पेराच्या कडेला, मधोमध नाही. हात गार असेल तर कोमट पाण्याने धुवून घ्या. सकाळच्या थंडीत सातपुड्यात ही पायरी गाळली की निम्मे थेंब अपुरे येतात. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या कातडीवर थेंब पसरतो आणि पातळही होतो. पहिले दोन-तीन थेंब कोरड्या कापसाने पुसा. त्यानंतर आपोआप फुगणाऱ्या थेंबातून आधी हिमोग्लोबिन, मग शुगर, मग मलेरिया आणि शेवटी सिकलसेल असा क्रम ठेवा. हिमोग्लोबिनला सुमारे १० मायक्रोलिटर, मलेरियाच्या किटला ५ आणि सिकलसेलच्या सोल्युबिलिटी (विद्राव्यता) तपासणीला २० मायक्रोलिटर लागते. एका चांगल्या टोचणीत हे सगळे निघते. सहा महिन्यांखालच्या बाळाला बोट टोचू नका. टाचेची बाहेरची किंवा आतली कड घ्या, मागचा गोल भाग नको.

हिमोग्लोबिन

साहलीची पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यात माणसाच्या डोळ्याची चूक फार. नळीत २० खुणेपर्यंत एन/१० हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, पूर्ण १० मिनिटे थांबायचे, मग थेंब-थेंब पाणी घालून तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. रांग लागली की १० मिनिटांची ४ मिनिटे होतात, आणि रंग पूर्ण न उतरल्याने आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. जुन्या सेटमधली काच फिकी पडलेली असेल तर उलट दिशेने चूक होते. डिजिटल यंत्र बिघडले तर हाताशी असावा म्हणून एक सेट ठेवा, रोजच्या कामाला नको.

रोजच्यासाठी क्युव्हेटवर चालणारे डिजिटल यंत्र घ्या. क्युव्हेट दोन जातींच्या असतात. एका जातीत आत रसायनाचा लेप असतो (हिमोक्यू २०१ या यंत्राच्या तशा). या ओलाव्याला नाजूक. डबीचे झाकण पाच मिनिटे उघडे राहिले तरी पावसाळ्यात उरलेल्या क्युव्हेट बिघडू लागतात, आणि डबी उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवायच्या असतात. दुसऱ्या जातीच्या कोऱ्या असतात (हिमोक्यू ३०१). त्यांना ४० अंशांपर्यंतचे तापमान चालते आणि आर्द्रतेची भीती नाही. जून ते सप्टेंबर डोंगरात फिरायचे असेल तर कोरी जात घ्या, भले यंत्र थोडे महाग पडो.

क्युव्हेट एका दमात भरली पाहिजे. अर्धी भरली म्हणून पुन्हा थेंबाला लावली की आत बुडबुडा राहतो. बाहेर लागलेले रक्त कडेने पुसा, पण पुसताना कागद टोकाला लागला तर तो आतले रक्त ओढून घेतो. प्रकाशाकडे धरून डोळ्यांजवळ एकदा पाहा. मधोमध बुडबुडा दिसला तर ती फेका आणि दुसरी भरा.

आकड्याचा अर्थ लावताना गरोदर बाईसाठी पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत ११, मधल्या तिमाहीत १०.५ ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची सीमा धरा. ७ च्या खाली आले की त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय. गोळ्या देऊन पुढच्या महिन्यावर टाकायचे नाही. उंचीचा हिशेबही लागतो. १,००० ते १,४९९ मीटर उंचीवर कायम राहणाऱ्या माणसाच्या आकड्यातून ०.८ ग्रॅम आणि ५०० ते ९९९ मीटरवर ०.४ ग्रॅम वजा करून मग सीमेशी ताडायचे. तोरणमाळ परिसरात ११.४ दिसलेली बाई प्रत्यक्षात १०.६ धरली जाते. पहिल्या तिमाहीत ती रक्तक्षयात मोडते, तर पायथ्याच्या गावात हाच ११.४ चा आकडा ठीक ठरतो.

बोटाला चिमटा लावून किंवा पापणीचा फोटो काढून हिमोग्लोबिन सांगणारी साधने येत आहेत. टोचणे नको म्हणून लोकांना ती आवडतात. पण त्यांत एक-दीड ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि ७ च्या आसपास तेवढा फरक म्हणजे बाईला रुग्णालयात न्यायचे की घरी सोडायचे हाच निर्णय. औषधोपचार ठरवायला ती वापरू नका.

सिकलसेल

तुमच्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होईल. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली, आणि सिकलसेल आढळणाऱ्या आदिवासी भागांतल्या ० ते ४० वयाच्या सगळ्यांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. त्यामुळे आधी कार्ड विचारा, आशाताईंची यादी पाहा. ज्याची तपासणी होऊन निकाल पक्का झाला आहे त्याची पुन्हा करायची नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष जन्मापासून ठरलेला असतो, दर वर्षी बदलत नाही.

सोल्युबिलिटी तपासणी अशी: नळीत २ मिलिलिटर द्रावण, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, हलवून पाच मिनिटे ठेवा, मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. द्रावणातल्या डायथायोनाइटमुळे रक्तातला ऑक्सिजन निघून जातो आणि सिकल हिमोग्लोबिन विरघळेनासे होते, एवढीच यामागची रीत.

बिघडते ते या डायथायोनाइटमुळे. तयार द्रावण फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवावे लागते आणि उघड्यावर ते लवकर मरते. मेलेले द्रावण ओळखायची खूण सोपी आहे: रक्त घातल्यावर रंग गडद, जांभळट न होता लालभडक राहिला तर रसायन संपले आहे आणि अशा नळीतला प्रत्येक निगेटिव्ह खोटा असू शकतो. म्हणून रोज सकाळी पहिल्या दोन नळ्या एका माहीत असलेल्या वाहकाच्या (सिकलसेलचे एकच जनुक असलेल्या, पण आजार नसलेल्या माणसाच्या) आणि एका माहीत असलेल्या निरोगी माणसाच्या रक्ताच्या लावा. फ्रीजमधून काढलेले द्रावण बाहेरच्या तापमानाला आल्यावरच वापरा.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर २० मायक्रोलिटर रक्तात पुरेशा पेशीच नसतात आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ज्याला सिकलसेलचा आजार असण्याची शक्यता जास्त, त्याच्याच बाबतीत ही चूक होते. तिथे रक्त दुप्पट घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही तपासणी करू नका, त्याच्या रक्तात गर्भाचे हिमोग्लोबिन जास्त असते. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर निकाल धरू नका. जेवणानंतर रक्तात चरबी फार असली तर खोटा पॉझिटिव्हही येतो.

पॉझिटिव्ह म्हणजे माणूस वाहक आहे की रुग्ण, हे या तपासणीतून कळत नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन एचपीएलसीला (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीला) पाठवा. नळी २ ते ८ अंशांवर, बर्फाला थेट न चिकटवता ठेवावी आणि आठवड्याच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी.

आता हातात मावणाऱ्या पट्टीवर दहा-पंधरा मिनिटांत ए (नेहमीचे), एस (सिकलचे) आणि सी हे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी किटही मिळतात. त्यांना फ्रीज लागत नाही, नवजात बाळालाही चालतात, म्हणून तुमच्या कामाला ती जास्त योग्य. एक धोका सांगून ठेवतो. त्यांपैकी हिमोटाइप एससी या किटवर रेघ उलटी वाचायची असते: जे हिमोग्लोबिन रक्तात आहे, त्याची रेघ दिसत नाही. मलेरियाच्या किटवर हात बसलेला माणूस सवयीने रेघ आली म्हणजे आहे असे लिहून टाकतो. दोन्ही किट एकाच दिवशी वापरणार असाल तर सिकलसेलची नोंदवही वेगळ्या रंगाची करा, तिच्या पहिल्या पानावर चित्र चिकटवा आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक पट्टी दोघांनी वाचा.

पोटासाठी बाहेर गेलेल्यांचाही विचार करा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. जानेवारीत तपासणी केली तर अर्धा पाडा हाती लागत नाही. सिकलसेलचा मोठा फेरा होळीच्या आगेमागे ठेवा. निकाल मांडवात माइकवर वाचू नका. 'वाहक' शब्दाचा अर्थ न समजल्याने मुलींची लग्ने मोडतात. वाहक निरोगी असतो. दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे घरात बसून, शक्य तर पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या कार्यकर्तीकडून सांगावे.

मलेरिया

फाल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्स हे मलेरियाचे दोन्ही प्रकार दाखवणारी किट घ्या. बाकी कृती सोपी आहे: ५ मायक्रोलिटर रक्त एका खाचेत, त्याच किटमधल्या बाटलीतले द्रावण दुसऱ्या खाचेत, पत्रकात दिल्याप्रमाणे १५ ते ३० मिनिटांत वाचन. फिकी रेघही पॉझिटिव्ह. तासाभराने पाहिलेली रेघ धरायची नाही. द्रावण संपले म्हणून सलाइन किंवा पाणी वापरू नका, खोट्या रेघा येतात.

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट: कंट्रोलची रेघ (किट चालू आहे हे दाखवणारी) रक्त पुरेसे घातले की नाही हे सांगत नाही. रक्त अजिबात न घालता फक्त द्रावण घातले तरी बहुतेक किटवर ती उमटते. घाईत रक्त द्रावणाच्या खाचेत गेले, तरी किट 'व्यवस्थित' निगेटिव्ह दिसते. फाल्सिपॅरमची एचआरपी २ प्रथिने उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतात, म्हणून उपचार लागू पडला का हे या किटवर पाहायचे नाही, त्यासाठी रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. पाकीट फाडल्यावर आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीचा रंग बदललेला असेल तर ते किट टाकून द्या.

बीपी, शुगर, ऑक्सिजन

बीपीत यंत्रापेक्षा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) महत्त्वाचा. यंत्रासोबत येणारा कफ साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाचा असतो. तुमच्याकडे बऱ्याच बायांचा दंड २२ च्या खाली असेल. बारीक दंडावर मोठा कफ लावला की बीपी कमी दिसते आणि गरोदरपणातले वाढलेले बीपी निसटते. लहान कफ वेगळा मागवा आणि पिशवीत शिवणकामाची टेप ठेवा. यंत्र दंडाचेच घ्या, मनगटाचे नको, आणि गरोदरपणातही अचूक ठरलेले आहे का हे विचारून घ्या. गरोदर बाईचे बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आले की लघवीतली प्रथिने त्याच जागी पाहा. पट्ट्या नसतील तर जुनी पद्धत आजही पक्की आहे. परीक्षानळी पाऊण भरा, खालून धरून फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. गढूळ झाले तर ३ ते ५ टक्क्यांच्या अॅसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब घाला. गढूळपणा गेला तर फॉस्फेट, राहिला तर प्रथिने.

शुगरचे यंत्र आयएसओ १५१९७:२०१३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आहे का पाहा: १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० किंवा वर १५ टक्क्यांच्या आत, १०० पैकी ९५ वाचने आली पाहिजेत. डबीवर हिमॅटोक्रिटची (रक्तातल्या लाल पेशींच्या टक्क्याची) मर्यादाही लिहिलेली असते. ३० ते ५५ लिहिलेले असेल आणि समोरच्या बाईचे हिमोग्लोबिन ७ असेल, तर तिचा हिमॅटोक्रिट साधारण २१ म्हणजे मर्यादेबाहेर. शुगर खऱ्याहून जास्त दिसेल. हात साबणाने धुवून घेणे टाळू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचून आलेल्या बोटांवर साखरच साखर असते, नुसत्या स्पिरिटने ती नीट जात नाही.

ऑक्सिमीटरवर आकडा स्थिर व्हायला अर्धा मिनिट द्या. त्यावरची नाडी तुम्ही मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. सावळ्या कातडीवर हे यंत्र ऑक्सिजन खरा असतो त्याहून दोन-तीन टक्के जास्त दाखवू शकते, त्यामुळे ९२ ला निर्धास्त होऊ नका. ९० च्या खाली लगेच पाठवा. आणि हिमोग्लोबिन ५ असलेल्या बाईचाही ऑक्सिजन ९८ दिसतो, तेव्हा तिला धाप लागत असेल तर आकड्याकडे नको, तिच्याकडे पाहा. मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाला लावू नका, त्याला वेगळा लागतो.

लहान मुलाच्या न्यूमोनियासाठी या पिशवीतले सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे एक मिनिटाचा टायमर. पोट पूर्ण मिनिटभर पाहून श्वास मोजा: दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांत ५०, १ ते ५ वर्षांत ४०. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांवर चालणारे श्वासमोजणीचे साधन केले होते. अजूनही त्यापेक्षा स्वस्त तपासणी सुचवता येणार नाही.

ऊन, पाऊस आणि मोजमापाची खात्री

मोटारसायकलच्या डिकीत मे महिन्यात स्ट्रिप ठेवू नका, सीटखालची जागा हवेपेक्षा बरीच तापते. पाठीवर न्यायची थंड पेटी घ्या, पण बर्फाच्या थैल्या किटला लागू देऊ नका; स्ट्रिप गोठणेही वाईट. पाड्यावर ठेवायच्या साठ्यासाठी एका मोठ्या मडक्यात ओली वाळू आणि तीत लहान मडके, आत हवाबंद डबा, ही सोय कोरड्या उन्हाळ्यात छान चालते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने तिचा उपयोग होत नाही, पण तेव्हा गारवाही असतो. पेटीत किमान-कमाल तापमान दाखवणारा छोटा थर्मामीटर ठेवा आणि दर सोमवारी दोन्ही आकडे लिहा.

महिन्यातून एकदा २० नमुने तुमच्या यंत्रावर आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या मोठ्या यंत्रावर लावून पाहा. सगळेच आकडे एका बाजूला झुकत असतील तर यंत्र, एखाद-दुसराच भरकटत असेल तर थेंब. नव्या बॅचच्या पहिल्या डबीवरही हेच करा.

कचऱ्यासाठी लॅन्सेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. रक्त लागलेले प्लास्टिक लाल पिशवीत. हे सगळे आरोग्य केंद्राच्या जैववैद्यकीय कचऱ्यासोबत जाईल असे त्यांच्याकडून आधी लेखी घ्या, पाड्यावर खड्डा करून पुरू नका.

खरेदीत तीन महिन्यांपेक्षा जास्त स्ट्रिप एकदम घेऊ नका, आणि मलेरियाच्या किटला पोहोचेल त्या दिवशी किमान १२ महिने एक्सपायरी शिल्लक असावी ही अट ऑर्डरवरच लिहा. बीपीच्या यंत्रात पेन्सिल सेल वापरणार असाल तर दोन फेऱ्यांच्या मध्ये ते काढून ठेवा. पावसाळ्यात बंद पेटीत सेल गळला की आतली पितळी पट्टी गंजते आणि पुढच्या पाड्यावर पंप अर्ध्यात थांबतो.